पाठीवरचं दंव

करडई लहान असते तेव्हा कुणालाच टोचत नाही. पानांचं गोल चक्र करून ती महिनाभर जमिनीला चिकटून बसलेली असते. पानं इतकी कोवळी असतात की लोक ती खुडून भाजी करतात, ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. पुढे मधून दांडा वर येतो, कळ्या धरतात, आणि तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कडेला काटा असतो. त्यानंतर तिच्यात कुणी उगाच शिरत नाही. गुरं नाहीत, जंगलातून येणारे रोही, म्हणजे नीलगायीसुद्धा नाहीत.

अक्का गेली तेव्हा तिच्या वावरातली करडई भाजीच्या वयात होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. हिंगणीच्या पुढे, बोर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमच्या वडिलांचं शेत आहे. खालचा, विहिरीचा भाग धाकट्या भावाकडे आला. वरचा कोरडवाहू तुकडा आम्हा दोघी बहिणींकडे, म्हणजे खरं तर अक्काकडे. लग्नानंतर काही वर्षांतच ती माहेरी परतली होती. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिनं तो तुकडा धरला. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळलं आणि निवृत्त झाले. शेतावर जायचे ती पाहुणीसारखी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून वाचायचे, आणि अक्का कामातून मान वर करून विचारायची, "आलं का पुस्तकातलं मानूस मरनावर?" बहुतेक वेळा आलेलं असायचं.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली होती. अक्का सकाळी वावरातून भाजी घेऊन आली, ओसरीवर टेकली आणि उठली नाही. एवढंच झालं. ते लिहायलासुद्धा मला फार दिवस लागले.

तेरवीचे पाहुणे गेल्यावर भाऊ अंगणात खुर्ची टाकून बसला होता. मी समोरच्या ओट्यावर. तो म्हणाला, "ताई, उद्या ट्रॅक्टर लावतो अक्काच्या वावरात. करडी मोडतो. माह्या विहिरीवरून पाइप आनतो वर. गव्हाचा टाइम अजून गेला नाई."

"मोडू नकोस."

"काऊन?"

मी म्हणाले, "पेरलेली आहे ती."

"ते मलेही दिसते. पन कापनार कोन? लोकाईनं करडी सोडली ते ह्याच्याचपाई. कापाले बाया मिळत नाई. अक्का होती तोवर ठीक होतं, तिच्यासंगं बाया येत. आता कोन करते हे?"

"मी करते."

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या हातांकडे बघत राहिला. दारात त्याची बायको उभी होती, तिनं मात्र विचारलंच, "ताई, पुस्तक वाचून करडी कापता येते काय वो?"

"अर्धी कापता येत असेल," मी म्हणाले.

भावानं चप्पल पायानं इकडची तिकडे केली. मग म्हणाला, "बरं. ही करडी तू पुरी घरी आन. आली तर वावर तुह्या हातात. जे पेराचं ते पेरजो, मी तोंड घालनार नाई. नाई आली तर पुढच्या सालापासून मी करतो. मंग रडाचं नाई."

"पुरी म्हणजे पुरी ना?"

"पुरी."

माझा भाऊ वाईट नाही. तोही रडून रडून थकला होता, आणि थकलेल्या माणसाला एखादी गोष्ट संपवून टाकावीशी वाटते. मला मात्र ती संपू द्यायची नव्हती. अक्काच्या साड्या बायकांत वाटून झाल्या होत्या. भांडी भावाच्या घरात मिसळली होती, त्यातली कुठली तिची हे आता सांगता आलं नसतं. तिचं म्हणून दाखवता येईल असं एवढंच उरलं होतं, आणि ते रोज वाढत होतं. ते मोडलं की अक्का दुसऱ्यांदा गेली असती, आणि ह्या वेळी ट्रॅक्टरच्या आवाजात.

मी वर्ध्याचं घर बंद केलं आणि अक्काच्या दोन खोल्यांत राहायला आले.

अक्काच्या वावराला लागून एका गोंड कुटुंबाचं शेत आहे. त्या घरची बाई अक्काच्याच वयाची. घरात ती गोंडी बोलते, आमच्याशी आमच्यासारखं. अक्का आणि ती एकमेकींना नुसतं 'बाई' म्हणायच्या. मीही तिला बाई म्हणू लागले. ती मला 'म्याडम' म्हणायची. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही. पहिल्याच सकाळी धुऱ्यावर उभी राहून तिनं विचारलं, "म्याडम, राखन कराले आल्या का पाहाले आल्या?"

"दोन्ही."

"मंग पाहा. राखाले ते सोताच हुशार हाय."

डिसेंबरात काही दिवस आभाळ राहिलं आणि मावा पडला. शेंड्यांवर काळे बारीक कीटक, पानं चिकट, हात लावला की बोटं काळी. मी भावाचा बॅटरी पंप मागून आणला, निंबोळीचा अर्क कालवला आणि पंप पाठीला लावला. भरलेला पंप पाठीवर घेऊन चालणं आणि पुस्तकांचा गठ्ठा उचलणं यांत फरक असा की पुस्तकं आतून हिंदकळत नाहीत. पहिल्या दिवशी मी दोनदा तोल जाऊन बसले. बाई तिच्या हरभऱ्यातून बघत होती. "म्याडम, फवारा करडीवर माराचा राह्यते, चपलीवर नाई!" ती ओरडली. पण नंतर तिनंच येऊन पट्टे आवळून दिले आणि गेली. आठवडाभरात शेंडे मोकळे झाले. त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

जानेवारी सरता सरता फुलं आली. करडई ही सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातली. आपण जिला एक फूल म्हणतो, तो खरं तर खूप बारीक फुलांचा जुडगा असतो, काटेरी बोंडाच्या तोंडाशी घट्ट धरलेला. उमलताना पिवळी, मग केशरी, आणि सुकत जातील तसा त्यांच्यात लाल रंग चढत जातो. म्हणजे वावरात एकाच वेळी सगळे रंग असतात, आणि सर्वांत गडद रंग सर्वांत म्हाताऱ्या फुलाचा. मी धुऱ्यावर पुस्तक घेऊन बसायचे आणि पान उलटायचे नाही. रडू येईल असं वाटायचं. पण समोर इतकं भडक काही उभं असताना रडणं जमत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

रविवारी नागपूरकडची मंडळी गाड्या काढून बोरला जातात. रस्त्यावरून वावर दिसायचं आणि गाड्या थांबायच्या.

"आंटी, ये कौनसा फ्लॉवर है? फोटो ले सकते हैं?"

मी हो म्हणायचे, आणि काट्यांचं सांगायचे. ऐकायचं कुणी नाही. एक मुलगी पांढरा झुळझुळीत ड्रेस घालून मधोमध गेली, हात पसरले आणि किंचाळली. ड्रेसला एकाच वेळी दहा ठिकाणी करडईनं धरलं होतं. तिला सोडवायला तिची आई गेली, तीही अडकली. मग आईला सोडवायला वडील. शेवटी बाई विळा घेऊन गेली आणि एकेक फांदी बाजूला करत तिघांनाही बाहेर आणलं. "फुलं मस्त हाय, मी काई नाई म्हनत नाई," ती त्यांना म्हणाली, "पन फुलं एकटी राह्यत नाई ना." त्या आईनं जाताना हात जोडले. गाडी गेल्यावर आम्ही दोघी धुऱ्यावर बसून इतक्या हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते मग थोडा वेळ थांबलंच नाही. बाईनं माझ्या ओढणीला लागलेलं कुसळ काढलं आणि टाकून दिलं.

शिमग्याच्या आधी करडई वाळली. पानं तपकिरी झाली, वारा आला की सगळं वावर कागदासारखं वाजायचं. आता खरी अडचण सुरू झाली. वाळलेल्या करडईचा काटा सुईसारखा होतो. ती कापायची ती पहाटे, दंवानं काटे नरम असतात तोवर. सूर्य वर आला की पुन्हा ताठ. म्हणजे हाती येतात ते सकाळचे एक-दोन घंटे. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच कुणी येत नाही.

मी गावात घरोघरी फिरले. "तूर सांगा, चना सांगा, करडी नोका सांगू," बाया म्हणत. शेवटी बाईनंच तिच्या मोहल्ल्यातल्या बाया गोळा केल्या. काय सांगून, ते तिनं मला सांगितलं नाही. एक बाई मला नंतर म्हणाली, "अक्काच्या वावराचं हाय, एवढंच बोल्ली ते." पहाटे त्या आल्या त्या वेषानं मी ओळखल्याच नाहीत. अंगात नवऱ्यांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, पायांना पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले, हातांत मोजे. मीही अक्काचा जुना शर्ट घातला. डाव्या हातातल्या दुबेळक्या, बेचकीसारख्या काठीनं झाड दाबून धरायचं आणि उजव्या हातानं बुडाशी विळा मारायचा.

"चला वो, हात चालवा. ऊन आलं का हे सवत होते."

"तुले कायची सवत? तुहा नवरा तुलेच पाहून पयून जाते."

"पयू दे. करडीत पयाला पाह्यजे, मंग मजा."

अशा बोलण्यात ओळीमागून ओळ आडवी होत गेली. पानं दंवानं ओली, काटे हाताला लागले तरी वाकत होते. कापलेल्या झाडांचे लहान लहान ढीग करून त्यांवर दगड ठेवले. माझ्या विळ्याला वेग नव्हता, मी मागं राहायचे. शेजारच्या ओळीतली बाई जाता जाता माझ्या ओळीतली दोन झाडं मारून पुढे जायची. काही सकाळींत अर्धं वावर मोकळं झालं. मला वाटू लागलं की झालंच.

मग आभाळ आलं.

ढगांनी पांघरूण घातलं की रात्री जमीन गार होत नाही आणि दंव पडत नाही. हे मी कधी तरी वाचलेलं होतं. त्या पहाटे हाताला कळलं. बायांनी येऊन झाडं चाचपली आणि हात मागं घेतले. "कोरडी हाय, माय. आंग फाडते." त्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही दंव नव्हतं. आणि त्याच सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर निरोप आला, संध्याकाळपासून वादळी पाऊस आणि गारा.

पिकलेली करडई पावसात भिजत राहिली की दाणा बोंडातच फुगतो, काळा पडतो, कधी कधी तिथंच कोंब धरतो. गारा पडल्या तर बोंडंच फुटतात. अर्धं वावर उभं होतं. बाया धुऱ्यावर पोती बांधलेले पाय पसरून बसल्या होत्या. निघावं की थांबावं हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. भाऊ त्याच्या हरभऱ्याच्या गंजीवर ताडपत्री टाकून ट्रॅक्टर घेऊन वर आला. उभ्या करडईकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं.

"ताई, अर्धी कापून झाली ना? बस झालं. तू केलं तेवढं कोनी नसतं केलं."

"पुरी म्हणाला होतास."

"सोड ना वो आता. मी काई म्हननार नाई."

तो खरंच मायेनं बोलत होता, आणि ते मला सोसवलं नाही. दया म्हणून मिळालेलं वावर मी किती दिवस धरलं असतं? मी उठून करडईजवळ गेले. हातात पिण्याच्या पाण्याची बाटली होती. का कुणास ठाऊक, मी ती एका झाडावर उपडी केली आणि तिथंच उभी राहिले. बायांचा चहा होईपर्यंत उभी राहिले. मग मोजा काढून उघड्या बोटानं पानाची कड दाबली. काटा टोचला. पण थोडा वाकला.

दंव म्हणजे तरी काय, पाणीच.

"तुझा बॅटरी पंप चार्ज आहे का?" मी भावाला विचारलं.

"हाय. कायले?"

"आण. आणि विहिरीवरून ड्रम भरून आण ट्रॉलीत."

"फवाराचं काय हाय आता? पीक तर वाळून गेलं."

"पाणी."

"पान्यात काय टाकतं?"

"काही नाही. नुसतं पाणी."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याचं लहानपणचं तोंड आठवलं. "वरून पानी येऊन राह्यलं म्हनून लोकं कापाची घाई करते, अन् तू आधीच ओली करतं? गाव हासन, ताई."

"हसू दे. हसायला आलेल्यांनाही विळे दे."

धुऱ्यावरून एक बाई हळूच म्हणाली, "म्याडमचं डोस्कं फिरलं वाटते, बाप्पा." बाईनं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. चहाचा कप खाली ठेवून ती भावाला म्हणाली, "जा ना भाऊ. बहीन पानीच तं मागते, काई वाटा नाई मागत."

तो गेला. पंप साबणानं तीनदा खंगाळून, ड्रम भरून आणला. मी पट्टे आवळले आणि पहिल्या ओळीत शिरले. बारीक फवारा, वरून खाली, मग उलट्या बाजूनं वर. पानं आधी पाणी झटकून टाकत होती, मग हळूहळू काळपट दिसू लागली. एक ओळ झाली, बाई उतरली, तिनं चाचपलं आणि मान हलवली.

"नाई झाली. अजून टोचते."

मी तीच ओळ पुन्हा भिजवली. बाया उभ्या राहून बघत होत्या. भाऊ ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून जमिनीकडे बघत होता. रस्त्यावरून मोटरसायकलवर जाणारे दोघं थांबले आणि एकानं विचारलंच, "भाऊ, ताई काय मारून राह्यल्या?" तो क्षण मला अजून लख्ख आठवतो. पाठीवर पंप गुरगुरतो आहे, शर्ट पाठीला चिकटला आहे, आणि सगळ्या गावातली मी एकटी बाई वाळलेल्या पिकाला पाणी घालते आहे. घाबरायला हवं होतं. घाबरले नाही. मला फक्त काटा नरम होईपर्यंत थांबायचं होतं, आणि थांबणं हे मला आयुष्यभर जमत आलेलं काम आहे.

बाई पुन्हा उतरली. ह्या वेळी तिनं मोजा काढला, उघड्या तळव्यानं अख्खं झाड दाबलं आणि दाबूनच धरलं. मग मागं वळली.

"आली नरमावर! उठा वो! म्याडमनं दंव पाडलं!"

त्या उठल्या त्या एखाद्या लग्नघरात पंगत उठते तशा, एकदम. विळे सुरू झाले. मी पुढं, दोन ओळी भिजवून मोकळ्या ठेवायच्या. त्या मुरेपर्यंत पुढच्या दोन. बाया मागून कापत येणार. कुठं भिजवायचं, किती वेळ मुरू द्यायचं, हे दुसऱ्या फेरीपर्यंत हातात बसलं. पण एका पंपानं बायांचा वेग पुरवता येईना. त्या माझ्या पाठीशी येऊन ठेपायच्या आणि ओरडायच्या, "म्याडम, दंव संपलं! दंव आना!" तेवढ्यात माझ्या शेजारच्या ओळीत दुसरा फवारा सुरू झाला. भावानं घरचा जुना, पाठीवरचा हातपंप आणला होता. तो एका हातानं दांडा हापसत होता आणि दुसऱ्यानं नळी फिरवत होता. मोटरसायकलवाल्यांतला एक जण विळा मागायला धुऱ्यावर आला. भावाची बायको भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे कोनत्या पुस्तकात होतं वो?"

"अजून लिहायचं आहे," मी म्हणाले.

दुपारी वारा सुटला. वाऱ्यानं कापलेली झाडं लगेच वाळत होती, आणि उभी झाडंही. मग आम्ही जास्त जवळ जवळ भिजवू लागलो. शेवटची ओळ जंगलाच्या बाजूची होती. ती भिजवून मी बाजूला झाले, पंप उतरवला आणि पाठ सरळ होईना म्हणून तशीच वाकून उभी राहिले. बाईनं शेवटचं झाड कापलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या आभाळाकडे बघत होत्या. दगड फेकून, ढीग ओढून, सगळी करडई उंचवट्यावर एका गंजीत आणली. भावानं त्याच्या हरभऱ्यावरची एक ताडपत्री काढून आणली. मी म्हणाले, तुझा हरभरा? तो म्हणाला, "त्याच्यावर दोन होत्या." कडांवर दगड ठेवले आणि पहिला थेंब पडला, मोठा, बोरासारखा.

आम्ही सगळे अक्काच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, शिरलो. पत्र्याचं छप्पर, त्यावर आधी पाऊस, मग गारा. आवाज इतका की बोललेलं कळत नव्हतं. बाया पायांची पोती सोडत होत्या, एकमेकींच्या हातातले काटे काढत होत्या. गारा थांबल्यावर एका बाईनं दारातून मूठभर गारा गोळा करून आणल्या आणि माझ्या मानेवरून शर्टात टाकल्या. "घ्या म्याडम, तुमचं दंव वापस!" मी ओरडले. बाई गोंडीत काही तरी बोलली आणि तिच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया खदखदून हसल्या. मी अर्थ विचारला. कुणी सांगितला नाही. नंतर बाईनं एवढंच सांगितलं, "चांगलंच बोल्ली. चांगलं नाई, पन चांगलंच."

दुसऱ्या सकाळी ऊन लख्ख पडलं. ताडपत्री काढली. वरचा थर जरा दमट होता, खाली सगळं कोरडं खडखडीत. खाली भावाच्या वावरात गहू आडवा झाला होता, ओंब्या चिखलात. तो तिकडे आधी गेला नाही. माझ्या गंजीशी आला, एक बोंड तळहातावर चोळलं, फुंकर मारली. पांढरे टणक दाणे राहिले. त्यातला एक त्यानं दाताखाली फोडला. "कोरडा हाय," तो म्हणाला, आणि मग गव्हाकडे गेला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी त्याच्या गव्हाचं पाणी चर काढून बाहेर घातलं. बराचसा गहू नंतर उठला.

उन्हात करडई तापू दिली. मग काट्यांचा त्रास नव्हता, उलट ताठ काटाच बरा. काठ्यांनी झोडपलं की बोंडं फुटायची आणि दाणे उडून पायांवर पडायचे. वाऱ्यावर धरून उपणली. भुसा जंगलाच्या दिशेनं सोनेरी होऊन उडत गेला. अक्का गेल्यापासून माझ्या आत सतत काही तरी आवळून धरलेलं होतं. ते कधी सुटलं सांगता येणार नाही. सूप हातात असताना लक्षात आलं की ते तिथं नाही. दुःख होतं. दुःख आहेच. पण ते आता कामाच्या बरोबरीनं चालत होतं, वाटेत आडवं पडलेलं नव्हतं.

पोती भरली, शिवली, ट्रॉलीत चढवली. भाऊ म्हणाला, "बस समोर, मडगार्डवर." मी म्हणाले, नाही, वर बसते. बायांनी मला खालून ढकललं, कुणी कमरेला, कुणी पायाला, आणि मी पोत्यांच्या अगदी वर जाऊन बसले. बाई माझ्या शेजारी. ट्रॅक्टर गावात शिरला तेव्हा पारावर माणसं होती. त्यांच्यात मला हसलेले काही जण होते, मी ओळखले. एकानं हात वर करून ट्रॅक्टर थांबवला, चढून पोत्याच्या शिवणीतून दाणा काढून पाहिला.

"मस्त दाना हाय! कोनाची वो भाऊ करडी?"

भावाला पटकन 'अक्काची' असं म्हणता आलं असतं. वर्षानुवर्षं त्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं, आणि माझ्याही तोंडात तेच येत होतं. त्यानं स्टिअरिंगवरून मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

"ताईची," तो म्हणाला. "पुढच्या सालीही तिचीच."

"मंग आमालेही सांगजो ताई," पारावरचा माणूस म्हणाला. "आमच्याही वावराच्या कडंला करडी टाकाची होती यंदा, पन कापाची भीती."

"सांगेन," मी वरून म्हणाले. "पंप आहे का तुमच्याकडे?"

बाईनं मला कोपरानं ढोसलं. ट्रॅक्टर धक्का देऊन पुढे निघाला. पोती कोमट होती. मी दोन्ही हात टेकले आणि त्यांच्यावर ऐसपैस बसले.